डाळिंबाच्या बागेतल्या गाडीला बॅटरीवरचा रिव्हर्स, आणि फ्रीव्हीलनं घातलेला घोळ

मामांची डाळिंबाची बाग सोलापूरजवळच्या केगावच्या पुढं, पुणे हायवे सोडून आत दोन किलोमीटर. डाळिंब संशोधन केंद्र तिथनं जवळच, त्यामुळं मामांनी लागवड पण त्यांच्या शिफारशीप्रमाणं साडेचार बाय तीन मीटरवर केलेली. दोन ओळींमधनं ट्रॅक्टर नेला की फांद्या घासून फळाला डाग पडतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही १५० सीसीचं जुनं मोटारसायकलचं इंजिन घेऊन एक चारचाकी गाडी बनवली. अँगलची फ्रेम, मागं क्रेट ठेवायला पत्र्याचा हौदा, इंजिनातनं चेन मधल्या शाफ्टला आणि तिथनं दुसरी चेन मागच्या ॲक्सलला, मधल्या शाफ्टवर १४ दातांचं स्प्रॉकेट आणि ॲक्सलवर ४२ चं, म्हणजे तिथं तीनास एक. गाडी मस्त पळते, तोडणीला आठ-आठ क्रेट घेऊन येते. रस्त्यावर काढायचा प्रश्नच नाही, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणं नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवताच येत नाही, आणि घरी बनवलेल्या गाडीची नोंदणी कोण करून देणार. ही गाडी बागेतच राहते.

अडचण एकच होती, रिव्हर्स नाही. मोटारसायकलच्या गिअरबॉक्सला रिव्हर्स द्यायची कंपनीला गरजच नसते, १४०-१५० किलोची गाडी माणूस पाय टेकवून मागं घेतो. पण आमची गाडी, चालवणारा आणि क्रेट धरून साधारण ४५० किलो. ओळीच्या शेवटी एकीकडं बांध, दुसरीकडं तारेचं कुंपण, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या, वळायला जागा नाही. मग तिघांनी मिळून ढकलायची. मागच्या हंगामात ढकलताना एका बाईच्या पायावरनं चाक गेलं, माती भुसभुशीत होती म्हणून हाड वाचलं, पण पाय आठ दिवस सुजलेला होता. त्या दिवशी मामा मला म्हणाले, "गाडी तू बनवलीस ना, मग हिला मागं जायची सोय पण तूच कर, तवर मी ही गाडी बागेत घालत नाही." बरोबर होतं त्यांचं.

पहिला विचार मेकॅनिकल रिव्हर्सचा. रिक्षाच्या गिअरबॉक्सला रिव्हर्स असतो, चेनच्या गाड्यांसाठी मध्ये बसवायचे वेगळे रिव्हर्स बॉक्स पण मिळतात. पण इंजिन आणि ॲक्सलच्या मध्ये आमच्याकडं जागा वीतभर, बॉक्स घालायचा तर फ्रेम कापून लांब करावी लागणार, आणि लांब केली की पुढं वळणाचा त्रास आणखी वाढणार. म्हणून इलेक्ट्रिक. ही काय नवीन गोष्ट नाही, होंडाच्या गोल्ड विंग या मोठ्या बाईकच्या १९८८ साली आलेल्या १५०० सीसीच्या मॉडेलला रिव्हर्स होता आणि तो स्टार्टर मोटरवरच, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरवरच चालायचा. साडेतीनशे किलोच्या वरची बाईक जर स्टार्टर मागं घेत असेल तर आपली पण घेईल असं मला वाटलं.

मग भंगारातनं एका छोट्या कारचा स्टार्टर आणि दातांच्या रिंगसकट फ्लायव्हील, म्हणजे स्टार्टर ज्याला फिरवतो ते इंजिनचं जड चाक, आणलं. मधल्या शाफ्टला फ्लायव्हील फ्रेमला घासत होतं म्हणून ते सरळ मागच्या ॲक्सलला बसवलं. कारची बॅटरी जोडली, बटण दाबलं. सपाटीला गाडी मागं गेली खरी पण अशी झटक्यात गेली की हौद्यातला वरचा क्रेट खाली. आणि शेडसमोरच्या उतारावर, तिथं १० फुटाला १ फूट चढ आहे, गाडी जागची हललीच नाही, स्टार्टर नुसता कण्हत राहिला, क्लॅम्प मीटरला १५० अँपिअरच्या वर करंट, आणि पाच-सहा सेकंदांत वायरचा वास सुटला. स्टार्टर हा काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो, १० सेकंद फिरवा आणि थंड होऊ द्या असं त्याचं काम, आपल्याला पाहिजे ओळीतनं ३०-४० सेकंद सलग.

इथं मी दोन दिवस काम बंद ठेवून वहीत हिशोब मांडला, जो खरं तर आधी मांडायला पाहिजे होता. चढाचा वाटा दहावा हिस्सा म्हणजे ४५ किलोची ओढ, मुरमाच्या जमिनीवर चाक लोळायला साधारण शंभरास चार म्हणजे आणखी १८ किलो, एकूण ६३ किलो. चाकाची त्रिज्या २५ सेंटिमीटर, म्हणजे ॲक्सलवर दीडशे न्यूटन मीटरच्या थोडं वर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, पाहिजे. माझ्या स्टार्टरकडनं रिंगमधनं ॲक्सलवर येत होता जेमतेम ६०. म्हणजे मोटर छोटी नव्हती, तिचा वेग जास्त होता. हाच चढ ताशी ९ किलोमीटरनं चढायचा तर दीड किलोवॅट लागतात, आणि ताशी पावणेदोन-दोन किलोमीटरनं चढायचा तर ३०० वॅट पुरतात. रिव्हर्सला घाई कुणाला आहे? मागं बघत, झाडाच्या खोडाकडं लक्ष ठेवत जायचं असतं, माणूस रमत चालतो त्याच्या निम्म्या वेगानं गेली तरी काम होतं.

म्हणून २४ व्होल्ट ३५० वॅटची गिअरवाली डीसी मोटर घेतली, सायकल-रिक्षाला वगैरे लावतात ती. आत वेग ९.७८ पटीनं कमी करणारे गिअर असतात आणि बाहेर साधारण ३०० आरपीएम मिळतात, ९ दातांचं स्प्रॉकेट, साधी सायकलची चेन बसते. ती सायकलच्या ४८ दातांच्या चेनव्हीलला जोडून मधल्या शाफ्टवर घेतली. ४८ भागिले ९ म्हणजे ५.३३, पुढं तीनास एक आहेच, एकूण १६. ॲक्सलला १९ च्या आसपास आरपीएम, म्हणजे ताशी पावणेदोन किलोमीटर. चढावर मोटरला सगळी गळती धरून १९ अँपिअरच्या जवळपास लागतील असा हिशोब आला आणि ते मोटरच्या रेटिंगमध्येच बसत होतं. एवढं झाल्यावर मला वाटलं झालं काम.

आता राहिली एक गोष्ट, गाडी पुढं पळताना मोटर सुटी राहिली पाहिजे. का ते आकड्यात बघा. गाडी ताशी २५ नं पुढं चालली की ॲक्सल २६५ आरपीएम, मधला शाफ्ट ८०० च्या जवळ, तिथनं मोटरच्या गिअरबॉक्सला ४२००, आणि आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाला, ४० हजारांच्या वर. जी मोटर २७००-३००० साठी बनवली तिला ४० हजार. कॉम्युटेटर फुटून तांब्याच्या पट्ट्या बाहेर येतील.

यावर मी उपाय केला तो म्हणजे सायकलचं फ्रीव्हील. ४८ चं चेनव्हील फ्रीव्हीलवर वेल्ड केलं आणि फ्रीव्हील अडॅप्टर करून शाफ्टवर. डोक्यात साधं चित्र होतं, सायकलवर पायडल मारायचं थांबवलं तरी चाक पळत राहतं, तसंच मोटर बंद केली की गाडी पुढं पळत राहील. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, बटण दाबलं, चाकं उलटी फिरली, एकदम झकास, मामेभाऊ टाळ्या वाजवायला लागला. मग इंजिन सुरू करायच्या आधी सहज मागचं चाक हातानं पुढच्या दिशेला फिरवलं. जड लागलं. जोर लावला तर आतनं घूं आवाज. चाकासोबत मोटर फिरत होती, चाक एकदा फिरलं की आर्मेचर १५६ वेळा. मला वाटलं फ्रीव्हील उलटं बसलं. काढलं, अडॅप्टर फिरवून उलट बसवलं. आता चाक पुढं एकदम मोकळं, पण बटण दाबल्यावर मोटर नुसती टरटर फिरतेय आणि चाक ढिम्म. दोन्हीपैकी एकही बाजू चालेना. सगळी संध्याकाळ त्यात गेली, मामीनं भाकरी आणि शेंगाचटणी ताटात वाढून ठेवली होती ती तशीच वाळली.

दुसऱ्या दिवशी तो शाफ्ट घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवाल्या काकांकडं गेलो. काकांचं अख्खं आयुष्य यंत्रमागाचे पार्ट बनवण्यात गेलंय, चादरीच्या कारखान्यातला कुठलाही तुटका दांडा त्यांच्याकडं आणा, न मोजता सांगतील कुठल्या मागाचा आहे. मी सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, दुकानाबाहेर त्यांची सायकल उभी होती, तिचं हँडल धरून तिला हातभर मागं ओढलं. पायडल उलटं फिरून त्यांच्या पोटरीला लागलं. म्हणाले, "बघितलास? पुढं जाताना पायडल सुटं राहतंय, मागं ओढली की पायडल बरोबर येतंय. तुझी मोटर म्हणजे पायडल, आणि ती ढकलते मागं. मग तुझी गाडी पुढं जाणं म्हणजे सायकल मागं ओढणंच की रे बाळा."

मी पंधरा वर्षं सायकल मागं ओढतोय आणि हे कधी डोक्यात आलं नव्हतं. नीट मांडून सांगतो कारण यात भलेभले फसतात. फ्रीव्हील सुटतं ते कधी, तर चाक मोटरच्याच दिशेनं मोटरपेक्षा जोरात पळत असेल तेव्हा. म्हणून पुढं ढकलणाऱ्या मोटरला फ्रीव्हील एकदम बरोबर, इलेक्ट्रिक सायकलमध्ये तेच असतं. पण रिव्हर्सची मोटर उलट दिशेला ढकलते. मोटर थांबलेली आणि शाफ्ट पुढं फिरतोय, म्हणजे शाफ्टच्या नजरेनं बघितलं तर मोटर मागंच चाललीय, म्हणजे ती ढकलतेय असंच फ्रीव्हीलला वाटतं आणि ते पकडतं. उलटं बसवलं तर रिव्हर्सलाच सुटतं. तिसरी बाजू नाही. मी जर त्या दिवशी चाक हातानं न फिरवता सरळ इंजिन सुरू करून पहिला गिअर घातला असता तर पाच हजाराची मोटर तर गेलीच असती, आणि मामेभाऊ ठोकळ्याशेजारी मोटरच्या बरोबर समोर बसला होता.

मग करायचं काय, तर काकांनीच सांगितलं. जुन्या मागांना वरच्या लाइनशाफ्टवरनं पट्टा यायचा आणि मागाला दोन पुल्या शेजारी-शेजारी असायच्या, एक शाफ्टला पक्की आणि एक लूज. माग बंद ठेवायचा तर हँडलनं पट्टा लूज पुलीवर सरकवायचा, पुली फिरत राहते, माग उभा. "तुला लूज पुली पाहिजे, आणि ती पक्की करायला हँडल पाहिजे. फ्रीव्हील आपोआप ठरवतंय, इथं माणसानं ठरवायला पाहिजे." मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये पण शेवटी हेच असतं, गिअर शाफ्टवर मोकळा फिरत असतो आणि शेजारचा सरकून त्याच्या खाचेत दात घालतो, त्याला डॉग म्हणतात.

काकांनी ईएन एट पोलादाच्या सळईतनं नवीन मधला शाफ्ट काढला. चेनव्हील एका हबवर आणि हब दोन बेअरिंगवर, शाफ्टवर पूर्ण मोकळा. शेजारी सरकणारी बाही, ती शाफ्टमध्ये बसवलेल्या लांब चावीवर (लोखंडी पट्टीवर) सरकते पण शाफ्टबरोबरच फिरते, तिला तीन दात, हबला तीन खाचा. मी म्हटलं होतं भंगार गिअरबॉक्समधलेच डॉगवाले गिअर वापरू, काका नको म्हणाले, ते वरनं कडक केलेले असतात, वेल्ड केलं की तडा जाणार. अजून एक कारण त्यांनी दिलं ते मला फार आवडलं. बाईकच्या डॉगच्या कडा किंचित आत कापलेल्या असतात, लोड आला की ते एकमेकांना ओढून धरतात म्हणजे गिअर सुटत नाही. आपल्याला उलटं पाहिजे, हात सोडला की सुटायला पाहिजे, म्हणून आपल्या दाताला बाहेरच्या बाजूला अगदी थोडा उतार. खाचा पण दातापेक्षा चांगल्या रुंद ठेवल्या, ओढताना दात सापडावा म्हणून.

बाही ओढायला बाईकचा क्लच लिव्हर आणि क्लच वायर वापरली, वायरच्या मध्ये एक स्प्रिंग घातली. दात खाचेसमोर नसला तरी लिव्हर दाबता येतो, स्प्रिंग ताणून राहते, मोटर जरा हलली की खट्ट आवाज होऊन दात आत पडतो. आणि लिव्हर हातानं धरूनच ठेवायचा, अडकवून ठेवायची सोय मुद्दाम केली नाही. दुसरी स्प्रिंग बाही परत ढकलते. फक्त चढावर मोटर बंद केल्यावर गाडीचं वजन दातांवर येतं आणि बाही सुटत नाही, तिथं आधी ब्रेक दाबायचा, मग लिव्हर सोडायचा. हे मामांना मी पाच वेळा करून दाखवलं आणि पाच वेळा त्यांच्याकडनं करून घेतलं.

वायरिंगमध्ये एक गोष्ट सगळ्यात कामाची निघाली, इंजिनचा न्यूट्रल स्विच. न्यूट्रलला जो हिरवा दिवा लागतो त्याचा स्विच इंजिनात अर्थिंग देतो, त्याच वायरवरनं रिव्हर्स चालू करणाऱ्या छोट्या रिलेचं (करंटवर चालणाऱ्या स्विचचं) अर्थिंग घेतलं. गिअरमध्ये असताना कितीही बटण दाबा, रिव्हर्स लागतच नाही. छोटा रिले दीडशे मिलीअँपिअर घेतो, म्हणजे स्विचवर ताण नाही. बाहीवर एक मायक्रोस्विच आहे, दात आत असताना गिअर पडला तर सीडीआयचा (इंजिनला ठिणगी देणाऱ्या युनिटचा) सप्लाय तुटतो आणि इंजिन बंद. बरेच जण विचारतात की मागं जाताना इंजिनच्या गिअरबॉक्सला काही होत नाही का, तर नाही, न्यूट्रलला बाईक आपण ढकलून मागं घेतो तेव्हा आत जेवढं फिरतं तेवढंच फिरतं.

रिव्हर्सची बॅटरी वेगळीच ठेवली, इलेक्ट्रिक स्कूटरच्या १२ व्होल्ट १२ अँपिअर-अवरच्या दोन, सिरीजमध्ये. बाईकच्या १२ व्होल्टवर एक बॅटरी चढवून २४ करायचा मोह झाला होता, पण मग खालची इंजिनवर चार्ज होणार, वरची नाही, दोघींची पातळी वेगळी होऊन वरची लवकर मरणार. शेडमध्ये लाइट असते तेव्हा २४ व्होल्टचा चार्जर लावायचा. या बॅटऱ्यांचा निगेटिव्ह फ्रेमला जोडलेला नाही, मोटरची दोन्ही टोकं फ्रेमपासनं सुटी, ६ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीजवळच ४० अँपिअरचा फ्यूज.

मोटरचा मोठा करंट तोडायला मी आधी बाईकचाच स्टार्टर रिले लावला होता, पडून होता म्हणून. तिसऱ्या दिवशी शेडच्या दारात रिव्हर्स घेताना मी बटण सोडलं आणि गाडी मागंच जात राहिली. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले होते. लिव्हर सोडला तर लोडवर बाही सुटेना. ब्रेक दाबून धरला तेव्हा मोटर अडली, करंट चढला आणि फ्यूज गेला, मागं हौद्याची फळी आणि भिंत यात चार बोटं अंतर राहिलेलं. भिंतीजवळ त्या वेळी कुणी नव्हतं. तो रिले क्षणभर लावायचा असतो आणि १२ व्होल्टचा असतो, २४ व्होल्टचा डीसी तोडताना ठिणगी लांब ओढली जाते, एसीसारखी ती आपोआप विझत नाही. आता सलग चालणारा डीसी कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या करंटचा दणकट रिले, आहे, कॉइलवर डायोड आहे, आणि हँडलशेजारी लाल रंगाचा मोठा मेन स्विच, बॅटरीच तोडणारा. हा स्विच पहिल्या दिवसापासनं पाहिजे होता, कुणी असलं काम करत असेल तर मोटरच्या आधी तो विकत घ्या.

खर्च मोटर, दोन बॅटऱ्या, कॉन्टॅक्टर आणि लेथचं काम धरून १४ हजाराच्या आत बसला, स्टार्टरवर वाया गेले ते वेगळे. पूर्ण लोडवर सपाटीला ७ ते ८ अँपिअर घेते, शेडच्या चढावर १९-२०, वहीतल्या हिशोबाला धरून. एप्रिलच्या उन्हात लागोपाठ दहा वेळा ओळीतनं मागं आणली तर मोटरला हात लावून धरवत नव्हता पण वास वगैरे काही नाही. एका चार्जवर तोडणीचा पूर्ण दिवस निघतो. जिथं चालत नाही ते पण सांगतो, पाणी दिलेल्या काळ्या मातीत चाक रुतलं की नाही चालत, दोनदा फ्यूज गेला, तिथं आधी फावड्यानं चाकामागची माती काढावी लागते. मामांनी ६० चा फ्यूज टाकू का विचारलं, मी नको म्हटलं, त्या फ्यूजनंच भिंतीपासनं वाचवलंय.

या महिन्यात चेनवर पत्र्याचं झाकण बसवायचंय कारण मुरमाची धूळ चेनला वंगणासकट खाते, आणि रिव्हर्सच्या कॉन्टॅक्टरवर एक भोंगा जोडायचाय. ज्या बाईच्या पायावरनं चाक गेलं होतं त्यांनीच तो मागितलाय, इंजिनाच्या आवाजात गाडी मागं येतेय हे कळत नाही म्हणाल्या, मोटरचा आवाज अगदीच बारीक आहे.